‘दरोडा पडला!’ म्हणण्याआधी : बॉक्सिंगचा वादग्रस्त निकाल तपासायची पद्धत

१७ सप्टेंबर २०१७, रविवार. लास व्हेगासमध्ये शनिवारची रात्र, आमच्याकडे ठाण्यात पोह्यांची वेळ. गेनाडी गोलोवकिन आणि कॅनेलो अल्वारेझची लढत बरोबरीत सुटल्याचं जाहीर झालं आणि मी सोफ्यावरून उठून ओरडलो, ‘दरोडा आहे हा!’ लढत बघायला ऐरोलीहून आलेल्या मेहुण्याने पोह्यांवर लिंबू पिळत विचारलं, ‘दाजी, कुठल्या फेऱ्या चोरल्या?’ बारापैकी एकही फेरी मला ठामपणे सांगता आली नाही.

बहुतेकांची चूक इथेच होते, आणि ती क्रमाची चूक आहे. आधी निकाल ऐकायचा, मग राग यायचा, मग रागाला पुरावे शोधायचे. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. एकही टप्पा मागेपुढे करू नका.

शब्दांचं आधीच ठरवून घेऊ. मराठीत ‘पंच’ म्हणजे निकाल देणारा माणूसही आणि मारलेला ठोसाही. आमच्या घरात यावरून एकदा दहा मिनिटं दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडले होते. म्हणून या लेखात रिंगमधला तो रेफरी, बाहेर बसून गुण देणारे ते जज, आणि मारतात तो ठोसा.

टप्पा १ : लढतीआधीची तयारी

फुलस्केपचा एक कागद घ्या. आडव्या बारा ओळी आखा, उभे चार रकाने : फेरी, गुण, खात्री, कारण. कारणाच्या रकान्यात पाच-सहा शब्द मावले की झालं.

कागदाच्या माथ्यावर लिहा : ‘मला अमुक जिंकायला हवाय.’ लाजू नका, कागद तुमच्याकडेच राहणार आहे. आवडता बॉक्सर ठोसा चुकवतो तेव्हा ते कौशल्य वाटतं आणि दुसरा चुकवतो तेव्हा पळपुटेपणा. ती ओळ डोळ्यांसमोर असली की निदान स्वतःची चोरी पकडता येते.

लढत कोणत्या जातीची आहे तेही लिहा. व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत पुरुषांत ३ मिनिटांच्या १२ फेऱ्यांची, महिलांत बहुधा २ मिनिटांच्या १० फेऱ्यांची, आणि जज तीन. ऑलिम्पिकसारख्या हौशी स्पर्धेत ३ फेऱ्या आणि पाच जज. दोन्हींचं गणित वेगळं आहे, आणि ते एकमेकांत मिसळलं की पुढचं सगळं फुकट.

*इशारा : कागद न आखता बघितलेल्या लढतीवर ‘मजा आली’ किंवा ‘नाही आली’ एवढंच बोलायचा हक्क आहे.*

टप्पा २ : गुण कशाला आणि कशाला नाही

फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. समोरचा एकदा खाली पडला तर बहुधा १०-८, दोनदा पडला तर १०-७. १०-१० देता येतं, पण जज ते क्वचितच देतात. तुम्हीही टाळा, नाहीतर अवघड फेरीत तोच पळमार्ग होतो.

व्यावसायिक जजना चार गोष्टी बघायच्या असतात : स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. या चारही समान वजनाच्या मानू नका. आधी ठोसे बघा. त्यावर फेरी ठरत नसेल तरच उरलेल्या तिघांकडे वळा.

सगळ्यात जास्त घोळ ‘आक्रमण’ या शब्दाने केला आहे. पुढे चालत जाणं म्हणजे आक्रमण नव्हे. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता सगळेच पुढे चालत असतात. पुढे जाऊन ठोसा लागला तर आक्रमण परिणामकारक. पुढे जाऊन मारच खाल्ला तर गुण मागे सरकत मारणाऱ्याचे. उलट बाजूनेही हेच. नुसतं सुंदर चुकवत राहिलं आणि परत काहीच मारलं नाही, तर त्या बचावावर फेरी मिळत नाही.

गुण न मिळणाऱ्या गोष्टी : हातमोज्यांवर किंवा दंडावर बसलेले ठोसे, प्रेक्षकांचा आरडाओरडा, सुजलेला डोळा. भुवई डोक्याची टक्कर होऊनही फाटते, आणि काहींची कातडी मुळातच नाजूक असते. चेहरा बघून गुण देणाऱ्यांची संख्या भयंकर आहे.

शिवाय प्रत्येक फेरी कोरी असते. तिसऱ्या फेरीत भरपूर मार खाल्लेला माणूस चौथी निसटती जिंकला, तर चौथी त्याचीच. ‘पण एकूण लढतीत...’ हे वाक्य बॉक्सिंगच्या गुणपत्रिकेत बसत नाही. विधानसभेला मतदारसंघ पन्नास हजारांनी जिंका की पाचशेने, आमदार एकच.

टप्पा ३ : फेरी बघायची कशी, लिहायची केव्हा

आवाज बंद करा. पूर्णपणे. कुकरच्या शिट्ट्या चालतील, समालोचन नको. समालोचकाने दुसऱ्याच फेरीत एक गोष्ट रचलेली असते, आणि मग तुम्हाला त्या गोष्टीत बसणारे ठोसेच दिसायला लागतात. लढतीच्या मध्येच पडद्यावर झळकणारी अनधिकृत गुणसंख्याही बघू नका. एका मित्राने पडद्याच्या त्या कोपऱ्यावर पोस्ट-इट चिकटवला होता. हसलो आम्ही, पण त्याचा कागद सगळ्यात स्वच्छ निघाला.

फेरीच्या तीन मिनिटांचे मनात तीन तुकडे करा. प्रत्येक मिनिटाला स्वतःला विचारा, हे मिनिट कोणाचं? कारण फेरीचे शेवटचे वीस सेकंद फार फसवे. अडीच मिनिटं मार खाणारा बॉक्सर घंटा व्हायच्या बेताला पाच-सहा ठोशांची झड लावतो, प्रेक्षक उठतात, आणि आपल्याला फेरी त्याची वाटते. मिनिटांचा हिशेब ठेवला तर ही झड तिच्या जागी राहते.

घंटा झाली की साठ सेकंदांची विश्रांती असते. लिहायचं त्यातच. जजसुद्धा प्रत्येक फेरीचा कागद त्याच वेळी देऊन टाकतात; आपण दहावी फेरी बघून चौथीचे गुण बदलायचे नाहीत. पेन वापरा, पेन्सिल नको.

आता खात्रीचा रकाना. या लेखातला माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग हाच, आणि लोक नेमका हाच सोडतात. गुणांपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा.

‘न’ म्हणजे नक्की. ही फेरी कोणी उलट दिली तर त्याने ती बघितली का, अशी शंका यावी.

‘झ’ म्हणजे झुकती. मला एकाची वाटली, पण दुसऱ्याला देणारा वेडा नाही.

‘ड’ म्हणजे डळमळीत. उद्या पुन्हा बघितली तर मीच बदलेन.

*तपासा : बाराच्या बारा फेऱ्यांपुढे ‘न’ आला असेल तर लढत फारच एकतर्फी झाली, किंवा तुम्ही प्रामाणिक नाही. जवळच्या लढतीत दोन-तीन ‘ड’ यायलाच हवेत.*

टप्पा ४ : पडणं आणि कापलेले गुण

बेरजेत लोक इथे हमखास चुकतात. १ डिसेंबर २०१८ची टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डरची पहिली लढत घ्या. फ्युरी नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली पडला. निकाल बरोबरीचा : एका जजने ११५-१११ वाइल्डर, दुसऱ्याने ११४-११२ फ्युरी, तिसऱ्याने ११३-११३.

‘फ्युरी तर सात-आठ फेऱ्या जिंकला होता, मग बरोबरी कशी?’ हा प्रश्न मी निदान पन्नास वेळा ऐकला आहे. मांडून बघा. फ्युरी ७ फेऱ्या जिंकला तर त्याचे ७०. हरलेल्या पाचपैकी तीन साध्या, म्हणजे २७. दोन पडण्याच्या, म्हणजे १६. एकूण ११३. वाइल्डरचे हरलेल्या सातांचे ६३ आणि जिंकलेल्या पाचांचे ५०. तेही ११३. सात फेऱ्या जिंकूनही बरोबरी, कारण दोनदा पाठ टेकली. फ्युरीला आठ फेऱ्या दिल्यात तर मात्र ११४-११२. म्हणजे भांडण ‘दरोडा की नाही’ हे नाहीच. भांडण एवढंच, फ्युरीच्या फेऱ्या सात की आठ.

रेफरीने गुण कापला असेल तर तो फेरीच्या गुणांतून वजा होतो. शेवटी एकदम वजा करायला ठेवलात तर विसराल.

हौशी लढतीत रेफरीने उभ्या बॉक्सरसाठी आठपर्यंत मोजलं म्हणून आपोआप १०-८ होत नाही. व्यावसायिकचा नियम तिकडे लावू नका.

टप्पा ५ : उलटं गणित

निकाल जाहीर झाला. आता ओरडायचं नाही, वजाबाकी करायची. प्रश्न असा विचारा : विजेत्याला जिंकवायला जजना त्याला किती फेऱ्या द्याव्या लागल्या, आणि तेवढ्या माझ्या कागदावर सापडतात का?

यासाठी उत्तम नमुना म्हणजे २६ फेब्रुवारी २०२२, ग्लासगो, जॉश टेलर विरुद्ध जॅक कॅटरल. टेलर घरच्या मैदानावर होता. आठव्या फेरीत तो पडला. दहाव्यात कॅटरलचा एक गुण कापला गेला, अकराव्यात टेलरचा एक. टेलर दोन विरुद्ध एक जजने जिंकला : ११४-१११ आणि ११३-११२ त्याच्या बाजूने, ११३-११२ कॅटरलच्या बाजूने.

कापलेले गुण एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं आठव्या फेरीचं पडणं. गणित मांडलं तर टेलरला ६ फेऱ्या दिल्या की तो ११२-११३ हरतो, ७ दिल्या की ११३-११२ जिंकतो, ८ दिल्या की ११४-१११. आठवी कॅटरलची हे वादातीत. म्हणजे उरलेल्या अकरा फेऱ्यांतून टेलरला सात शोधून द्यायच्या.

‘कॅटरलवर अन्याय झाला’ हे वाक्य आणि ‘मला टेलरच्या सात फेऱ्या दाखवा’ हे वाक्य, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यावर समोरच्याला लढत पुन्हा लावून बोट ठेवावं लागतं. त्या लढतीनंतर ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाने ११४-१११ देणाऱ्या जजचा दर्जा एका पायरीने खाली आणला, तेव्हा प्रश्न नुसता चाहत्यांचा नव्हता.

आता तुमच्या कागदावर हीच कसोटी लावा. समजा ‘अ’ हरला असं जाहीर झालं आणि तुमच्या मते तो जिंकला. तुमच्या फेऱ्या अशा : अच्या नक्की ४, अकडे झुकत्या ३, डळमळीत २, बच्या नक्की ३. डळमळीत दोन्ही वाटून दिल्या तर तुमचे गुण अला ८-४. भरभक्कम दिसतं ना? पण बला ७ फेऱ्या मिळायला डळमळीत दोन्ही आणि झुकत्यांतल्या दोन पुरतात. एकाही नक्की फेरीला हात लावावा लागला नाही. हा दरोडा नाही.

दुसरा कागद : अच्या नक्की ६, झुकत्या २, डळमळीत २, बच्या नक्की २. तुमचे गुण ९-३, म्हणजे आधीपेक्षा एकाच फेरीचा फरक. पण इथे ब सगळं ओरबाडूनही सहावरच थांबतो, ११४-११४. त्याला जिंकवायला जजला एक नक्की फेरी उचलावीच लागेल. इथे आवाज चढवायला हरकत नाही.

*इशारा : निकाल ऐकल्यावर ‘झ’चे ‘न’ करू नका. मी केले आहेत, म्हणूनच पेन म्हणतोय.*

टप्पा ६ : जजचे कागद फेरीनिहाय

एकूण आकड्यांवर थांबू नका. मोठ्या लढतींनंतर फेरीनिहाय गुण जाहीर होतात. तीन रांगा शेजारी मांडा, तुमची चौथी. तिन्ही जज तुमच्या विरुद्ध एकमत असलेल्या फेऱ्यांना गोल करा. अशी तुमची ‘न’ फेरी निघाली तर आधी स्वतःवर संशय घ्या. जज रिंगच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात. त्यांना रेफरीची पाठ आड येते, तुम्हाला कॅमेऱ्याचा कोन आड येतो. कॅमेऱ्यातून लागल्यासारखा दिसणारा ठोसा कित्येकदा खांद्यावर विरलेला असतो.

आमच्या २०१७च्या भांडणाचा निकाल या टप्प्यावर लागला. सगळे जज ॲडलेड बर्ड यांच्या ११८-११० वर तुटून पडले होते. कॅनेलोला दहा फेऱ्या! तो कागद अक्षम्यच. पण डेव्ह मोरेटींनी गोलोवकिनला ११५-११३ दिले होते आणि डॉन ट्रेलांनी ११४-११४. बर्ड यांनी समंजसपणे कॅनेलोला ११५-११३ दिले असते तरी लढत बरोबरीतच सुटली असती. ट्रेलांनी सातवी फेरी कॅनेलोला दिली. ती एक उलटली असती तर गोलोवकिन जिंकला असता. सगळ्यात विचित्र कागद आणि निकाल फिरवणारा कागद, हे नेहमी एकच नसतात.

टप्पा ७ : ठोशांचे आकडे, शेवटी आणि जपून

ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीचे आकडे म्हणजे यंत्राचं मोजमाप नव्हे. माणसं लढत बघत बटणं दाबतात. ठोसा लागला का ते मोजलं जातं, किती जोरात लागला ते नाही. आणि एकूण बेरजेत एका फेरीतले ढीगभर ठोसे दुसऱ्या चार फेऱ्या झाकून टाकतात. म्हणून फेरीनिहाय आकडेच बघा, आणि तेही स्वतःचे गुण पक्के झाल्यावर.

तफावत प्रचंड असेल तर मात्र आकडा बोलतो. मार्च १९९९ मध्ये लेनॉक्स लुइसचे ३४८ ठोसे लागले, इव्हॅन्डर होलीफिल्डचे १३०, आणि लढत बरोबरीत! एका जजने होलीफिल्डला ११५-११३ दिले होते.

टप्पा ८ : दुसऱ्यांदा बघणं

किमान दोन दिवस जाऊ द्या. नवा कागद, आवाज बंद, जुना कागद दुसऱ्या खोलीत. जमलं तर फेऱ्या उलटसुलट क्रमाने बघा, म्हणजे लढतीची ‘गोष्ट’ तुटते. मी हे ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवर करून पाहिलं. नका करू, पडद्यावर शरीराला बसलेले ठोसे दिसतच नाहीत.

दोन्ही कागदांवर ‘न’ राहिल्या त्याच फेऱ्या खऱ्या नक्की. पहिल्यांदा ‘न’ आणि दुसऱ्यांदा उलट गेली ती ‘ड’ समजा.

फेरतपासणी दोन्ही बाजूंना जाऊ शकते. २०१२ मध्ये टिमोथी ब्रॅडलीला मॅनी पॅकियाओविरुद्ध विजयी ठरवल्यावर डब्ल्यूबीओने (जगज्जेतेपद देणारी एक संस्था) पाच जजना लढत पुन्हा दाखवली. पाचही जणांनी पॅकियाओला कौल दिला. निकाल मात्र बदलला नाही. २०१७ मध्ये ब्रिस्बेनला जेफ हॉर्नने पॅकियाओला हरवलं तेव्हाही तसाच आरडाओरडा झाला. त्याच संस्थेने पुन्हा पाच जज बसवले, आणि हॉर्नच्या सात फेऱ्या निघाल्या. आपल्याकडे पॅकियाओचे चाहते दोन्ही लढतींना एकाच सुरात लूट म्हणतात.

हौशी लढत असेल तर

इथे फेऱ्या नाही, जज मोजायचे. प्रत्येक जज स्वतःची तीन फेऱ्यांची बेरीज करतो आणि ज्याच्याकडे जास्त जज तो जिंकतो. टोकियोत २९ जुलै २०२१ला मेरी कोमने इन्ग्रित व्हॅलेन्सियाविरुद्ध दुसरी आणि तिसरी फेरी ३-२ अशा बहुमताने घेतली, तरी लढत २-३ अशी हरली. ‘तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून हरते कशी?’ कारण पहिली फेरी पाचपैकी चार जजनी व्हॅलेन्सियाला दिली होती. त्या चौघांतल्या ज्याने पुढच्या दोनपैकी एक फेरी जरी व्हॅलेन्सियाला दिली, त्याची बेरीज तिच्या बाजूने गेली. नियम चांगला की वाईट यावर जरूर भांडा, पण बेरीज चुकली म्हणू नका.

तुमची मुलगी किंवा मुलगा जिल्हा स्पर्धेत खेळत असेल तर आणखी एक. निषेध कोणी, किती वेळात आणि कुठे नोंदवायचा हे लढतीआधी प्रशिक्षकाला विचारून ठेवा. जजच्या टेबलाकडे धावणाऱ्या पालकाचं कोणी ऐकत नाही. नवी मुंबईतल्या एका हॉलमध्ये मी धावलो आहे, भाच्यासाठी. त्याच्या प्रशिक्षकांनी मला दंडाला धरून मागे आणलं.

निषेध टिकतो तो मोजता येणाऱ्या गोष्टींवर. लंडन २०१२ मध्ये विकास कृष्णला एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ विजयी घोषित केलं होतं (तेव्हा हौशी लढतीत लागलेले ठोसे मोजून गुण देत). अमेरिकेच्या तक्रारीत ‘आमचा मुलगा चांगला खेळला’ एवढंच असतं तर ती फेटाळली गेली असती. तिसऱ्या फेरीत विकासने नऊ वेळा धरलं आणि दुसऱ्या फेरीत माउथगार्ड मुद्दाम बाहेर काढलं, या नोंदींवर निकाल १५-१३ असा स्पेन्सच्या बाजूने फिरला. आपल्याला झोंबलं, पण नोंदी खऱ्या होत्या. २०१४ला इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत निकालाच्या निषेधात सरिता देवीने कांस्यपदक नाकारलं. सहानुभूती तिला देशभर मिळाली, पण निकाल हलला नाही, उलट तिच्यावर एक वर्षाची बंदी आली.

टप्पा ९ : आता नाव द्या

विजेत्याला फक्त ‘ड’ फेऱ्या पुरल्या तर : जवळची लढत. गप्प बसा.

‘झ’ फेऱ्याही लागल्या तर : मला न पटलेला निकाल. आणखी काही नाही.

एखादी ‘न’ फेरी उलटवल्याशिवाय निकाल बसतच नाही, आणि ती दुसऱ्यांदा बघूनही ‘न’च राहिली, तर : लूट.

निकाल ठीक, पण एक कागद अशक्य, तर : वाईट जज. लूट नव्हे.

‘पैसे खाल्ले’ या आरोपाला या यादीत जागा नाही, कारण तो कागदावरून सिद्धच होत नाही. रिओ २०१६च्या लढतींत गडबड झाल्याचं रिचर्ड मॅकलॅरन यांच्या स्वतंत्र चौकशीने २०२१ मध्ये मांडलं, ते साक्षी आणि कागदपत्रांच्या आधारावर. तुमची बेरीज जजचा निकाल चूक ठरवू शकते, त्याचा हेतू नाही.

गोलोवकिन-कॅनेलोची ती लढत मी या पद्धतीने दोनदा तपासली. माझे गुण गोलोवकिनला ७-५. तीन फेऱ्या ‘ड’, आणि सातवी दोन्ही वेळा ‘न’. तीन ‘ड’ कॅनेलोला दिल्या तर सातवीला हात न लावताही लढत बरोबरीत सुटते. माझ्याच यादीप्रमाणे बरोबरीचा तो निकाल लूट ठरत नाही. मेहुण्याला दोन्ही कागदांचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, ‘पाचवीपुढे काय लिहिलंय? तुमचं अक्षर लागत नाही, दाजी.’